करवतीच्या पात्यापासून मोटारीपर्यंत : प्युजो घराण्याची दोन शतके

जालन्यात सळई कशी तयार होते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट ओतले जाते, ते रोलिंग मिलमधून जाते आणि बांधकामाची सळई होऊन ट्रकवर चढते. अशा गावाच्या स्मरणिकेत एका फ्रेंच मोटार कंपनीचा इतिहास कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या कंपनीच्या जन्मात सापडते. प्युजो सुरू झाली तेव्हा मोटार नावाची वस्तू जगात नव्हती. तो पोलाद लाटून पट्ट्या काढणारा, म्हणजे आपल्या ओळखीचाच, एक कारखाना होता आणि पहिली मोटार बाहेर पडण्यापूर्वी त्याने जवळपास ऐंशी वर्षे पोलादावर काढली. हे घराणे दोन शतके टिकले ते मोटारीचा शोध लागला म्हणून नाही. एका धातूवरचा हात त्यांनी सुटू दिला नाही आणि त्या हातातून काय काढायचे हे मात्र ते सतत बदलत राहिले, असे माझे म्हणणे आहे. पुढचा इतिहास मी याच अंगाने मांडतो. या म्हणण्यावर घेता येतील असे आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत, त्यांचाही विचार त्या त्या जागी करतो.

१८१० ते १८४० : पिठाच्या गिरणीत पोलाद

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, माँबेल्यार नावाचा छोटा मुलूख आहे. १७९३ पर्यंत तो फ्रान्सच्या राज्यात नव्हता. तिथे व्युर्टेमबर्ग या जर्मन राजघराण्याची सत्ता होती आणि रहिवासी बहुतांशी ल्यूथरपंथी प्रोटेस्टंट होते. प्युजो हे त्यातलेच एक कुटुंब. विणकाम आणि पिठाची गिरणी हा त्यांचा व्यवसाय. १८१० मध्ये ज्याँ-पिएर आणि ज्याँ-फ्रेदेरिक या भावांनी एरिमाँकूर गावातली आपली वडिलोपार्जित गिरणी पोलादाच्या कारखान्यात बदलली. धान्य दळणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाला त्यांनी दुसरे काम दिले. काळ नेपोलियनचा होता. १८०६ पासून ब्रिटिश मालाला युरोपच्या बंदरांत बंदी होती, त्यामुळे इंग्लंडचे नावाजलेले पोलाद मिळणे अवघड झाले होते. या तुटवड्यात संधी आहे हे ओळखणारे संस्थापक आणि ते पोलाद प्रत्यक्ष घडवणारे गावातले कारागीर यांना या आरंभाचे श्रेय सारखेच जाते. नुसत्या भांडवलावर करवतीचे पाते होत नाही. पोलादात कार्बन किती, पाणी कधी द्यायचे आणि दिल्यावर पुन्हा किती तापवायचे हे भट्टीपुढे उभे राहूनच कळते. करवतीची पाती आणि घड्याळाच्या स्प्रिंगा ही या कारखान्याची सुरुवातीची ओळख. त्या मुलुखात घड्याळे बनत होती, म्हणजे गिऱ्हाईक उंबऱ्याशीच होते.

१८४० ते १८८० : पट्टी एक, वस्तू अनेक

या घराण्याच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा काळ मला हाच वाटतो, आणि मोटारींवरच्या पुस्तकांत तो दोन परिच्छेदांत संपतो. १८४० मध्ये कॉफी दळण्याची हातगिरणी आली, १८६७ मध्ये शिलाई मशीन, १८७४ मध्ये मिरीची गिरणी. मधल्या काळात युरोपातल्या स्त्रियांमध्ये फुगीर झग्यांची फॅशन आली. त्या झग्याखाली जो पिंजरा घालत, त्यासाठी हलक्या, वाकणाऱ्या आणि पुन्हा सरळ होणाऱ्या पोलादी पट्ट्या लागत. त्या प्युजोने पुरवल्या. छत्रीच्या काड्या आणि सुतारकामाची हत्यारे हेही चालू होतेच. वरवर पाहता ही यादी भरकटलेल्या दुकानदाराची वाटावी. पण करवतीचे पाते, घड्याळाची स्प्रिंग, झग्याची पट्टी आणि छत्रीची काडी या चारही वस्तूंच्या मुळाशी एकच कौशल्य आहे. पोलाद पातळ लाटायचे आणि त्याला लवचीकपणा द्यायचा, पण त्याची धार वा ताकद जाऊ द्यायची नाही. झग्यांची फॅशन गेली तेव्हा त्या एकाच मालावर विसंबलेल्यांचा धंदा बसला असेल. प्युजोचे यंत्र आणि माणूस दुसऱ्या मालाला लागले.

त्यांचा सिंहसुद्धा याच काळातला आहे. १८४७ मध्ये माँबेल्यारचे सोनार आणि नक्षीकार झ्युस्तँ ब्लाझे यांनी तो रेखाटला आणि १८५८ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. बाणावर चालणारा तो सिंह करवतीच्या पात्याचे गुण सांगत होता : दात सिंहाच्या दातांइतके टणक, पाते त्याच्या कण्याइतके लवचीक आणि काप बाणासारखा वेगवान. आज मोटारीच्या नाकावर दिसणारे चिन्ह मुळात सुतारांना दिलेली मालाची हमी होती.

इथे जालन्याचा जाणता कारखानदार आक्षेप घेईल आणि तो बरोबर असेल. करवतीचे पोलाद आणि बांधकामाची सळई यांत मोठे अंतर आहे. इंडक्शन भट्टी मुख्यतः वितळवण्याचे काम करते. गंधक आणि स्फुरद काढून टाकण्याची तिची क्षमता मर्यादित असते. भंगारातून येणारे तांबे आणि कथील तर वितळलेल्या पोलादातून सहजी निघतच नाही. सळईला ते एका मर्यादेपर्यंत चालते, ट्रकच्या कमानपाट्याला किंवा गिअरला चालत नाही. त्यासाठी निवडून घेतलेले भंगार, लॅडलमध्ये पोलाद शुद्ध करण्याची सोय, मिश्रधातूंचे अचूक प्रमाण आणि प्रत्येक हीटची प्रयोगशाळेत तपासणी लागते. हा खर्च सळईच्या भावातून निघत नाही हेही खरे. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच की वाट टप्प्याटप्प्याची आहे. एरिमाँकूरच्या कारखान्यानेही पोलादानंतर थेट मोटारीवर उडी मारली नव्हती. पाते, स्प्रिंग, काडी, गिरणी अशा पायऱ्या चढत तो वर गेला आणि प्रत्येक पायरीवर मालाचा किलोमागचा भाव वाढत गेला.

१८८० आणि १८९० : चाके आणि इंजिन

पुढच्या पिढीतले अर्मां प्युजो तरुणपणी इंग्लंडमधल्या लीड्सला राहून आले होते. तिथला यंत्रउद्योग पाहिलेल्या या माणसाने १८८२ मध्ये बोलियूच्या कारखान्यात दुचाकी बनवायला घेतल्या. पुढचे चाक उंच आणि मागचे लहान अशी ती पहिली सायकल होती. आरा आणि चौकट, दोन्हींत पुन्हा तेच पोलाद आणि तेच हात. १८८९ मध्ये, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, लेऑन सेर्पोले यांच्या वाफेच्या इंजिनावर चालणारी तीनचाकी प्युजोने मांडली. वाफेला भवितव्य नाही हे लवकरच लक्षात आले आणि डाइमलरच्या परवान्यावर पानार-लव्हासोरने बनवलेले पेट्रोल इंजिन घेऊन चारचाकी तयार झाली. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा सायकल शर्यतीच्या मागोमाग ल्वी रिगुलो आणि ऑग्युस्त दोरियो या दोघांनी ती चालवली. कारखान्यापासून धरून दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास ताशी साधारण १५ किलोमीटरने झाला. रिगुलो आणि दोरियो हे कारखान्यात राबणारे यंत्रज्ञ होते, मालक नव्हते. मोटार लांब पल्ल्याला टिकते हे लोकांना या दोघांनी पटवले.

मोटारीत पैसा घालावा की नाही यावर कुटुंबात एकमत नव्हते. १८९६ मध्ये अर्मां यांनी मोटारींची वेगळी कंपनी काढली आणि स्वतःचे इंजिन बनवायला घेतले. चुलतभावांकडे हत्यारे आणि सायकली राहिल्या. १९१० मध्ये मोटारी आणि सायकली पुन्हा एका छताखाली आल्या. मधल्या वर्षांत दोन्ही बाजूंनी कारखाने वाढवले, हे महत्त्वाचे.

प्युजो टिकली ती फ्रान्सची बाजारपेठ मोठी होती म्हणून, असेही म्हटले जाते. पण तीच बाजारपेठ इतरांनाही उपलब्ध होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर फ्रान्समध्ये मोटारी बनवणारे शेकड्याने होते. द दियाँ-बुताँ, दलाए, दलाज ही एकेकाळची बडी नावे आज संग्रहालयात आहेत. ज्या पानारकडून प्युजोने पहिले इंजिन घेतले, त्या पानारच्या मोटारी १९६७ मध्ये थांबल्या. बाजारपेठ सर्वांना समान होती, तेव्हा फरक अन्यत्र शोधावा लागतो. धातूपासून तयार मालापर्यंतची साखळी स्वतःच्या हातात असणे हे त्याचे एकमेव कारण नसेल, पण मोठे कारण आहे.

जालन्याला हा मार्ग अगदीच परका नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. तिचा आरंभ भेंडीच्या बियाण्यातून झाला. पुढे संकरित बियाण्यांत तिने देशभर नाव कमावले आणि १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेती सगळ्यांकडे होती. बी घडवण्याचे ज्ञान कमावावे लागले. लोखंडाच्या बाबतीत तसे का होऊ नये, एवढेच मी विचारतो.

१९०० ते १९२० : सोशो आणि शर्यती

१९१२ मध्ये माँबेल्यारजवळच सोशो येथे नवा कारखाना उभा राहिला आणि पुढे तोच कंपनीचा कणा झाला. त्याच सुमारास प्युजोच्या चमूने शर्यतीसाठी बनवलेल्या इंजिनात दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. ही रचना आजच्या साध्या मोटारींतही दिसते. १९१३ मध्ये झ्यूल गू यांनी प्युजो चालवत अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत जिंकली. सर्वसामान्यांसाठी 'बेबे' ही छोटी गाडी होती, तिचे आरेखन एत्तोरे बुगाटी यांचे.

१९२० ते १९५० : मंदी, महायुद्ध, पुन्हा उभारणी

१९२९ मध्ये आलेल्या २०१ या साध्या, स्वस्त गाडीने मंदीच्या वर्षांत कंपनीला तारले. मधे शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांची पद्धत तिथूनच सुरू झाली. तिच्यावरचा हक्क प्युजोने इतका कसोशीने जपला की १९६४ मध्ये पोर्शेला आपल्या ९०१ चे नाव बदलून ९११ करावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात सोशो जर्मन ताब्यात गेले. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले. नेम चुकून वस्तीवर पडलेल्या बॉम्बनी शंभराहून अधिक नागरिकांचा बळी घेतला. त्यानंतर ब्रिटिश हस्तक हॅरी री यांनी रोदोल्फ प्युजो यांच्याशी संधान बांधले. बॉम्बफेकीऐवजी आतूनच यंत्रे निकामी करायची, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये कामगारांनी स्वतःच्या हाताने स्फोटके लावली. ज्या यंत्रावर आपले पोट आहे ते यंत्र गावकऱ्यांचे जीव वाचवण्यासाठी उडवून देणारी ही माणसे होती. संस्थेच्या इतिहासात त्यांचे स्थान संस्थापकांच्या शेजारीच असले पाहिजे. शांतता आल्यावर त्याच सोशोत १९४८ पासून २०३ ही गाडी बनू लागली.

१९५० ते १९८० : डिझेल

१९५५ ची ४०३, १९६० ची ४०४ आणि १९६८ ची ५०४ या तिन्ही गाड्या पिनिनफारिना या इटालियन आरेखनकाराच्या सहकार्याने आल्या. आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांवर त्यांनी नाव मिळवले. ४०४ ने पूर्व आफ्रिकेतली खडतर सफारी रॅली चारदा जिंकली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या गाड्यांचे डिझेल इंजिन. प्युजोच्या इंडेनॉर या उपकंपनीने लहान, काटक डिझेल इंजिनांची मालिका विकसित केली. डिझेलमध्ये दाब पेट्रोल इंजिनापेक्षा खूप जास्त असतो. ओतकाम, क्रँकशाफ्टचे पोलाद आणि इंजेक्शन पंपाची अचूकता यांची तिथे परीक्षा होते. धातूवर दीड शतक काढलेल्या घराण्याला ही परीक्षा अवघड गेली नाही. १९७६ मध्ये सिट्रोएन आणि १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला कारभार प्युजोकडे आला. त्या ओझ्याने कंपनी वाकली, आणि १९८३ च्या २०५ या छोट्या गाडीने तिला सावरले.

१९८० : जीपच्या बॉनेटखाली

महिंद्राने १९७९ मध्ये प्युजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, क्षमता २,११२ घनसेंटिमीटर. १९८० च्या दशकात एमएम ५४० या जीपमध्ये आणि तिच्या भावंडांत ते बसले. मराठवाड्यात तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या जीपगाड्या भरभरून माणसे वाहायच्या. त्या काळच्या महिंद्रा गाड्यांपैकी अनेकींच्या बॉनेटखाली हे फ्रेंच आरेखन होते, पण त्यावर सिंह नव्हता, म्हणून कोणाला ते परदेशी वाटले नाही. इंजिन बनत होते नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला. ओतकाम, यंत्रकाम, जुळणी हे सारे इथल्या कामगारांच्या हाती आले. गावोगावच्या मिस्त्रींना ते खोलता-जोडता येऊ लागले आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानांत मिळू लागले. प्युजोने महाराष्ट्राला काय दिले असे कोणी विचारले तर माझे पहिले उत्तर हे इंजिन असेल.

१९९० : कल्याणचा प्रयोग

दुसरा प्रयोग जास्त गाजला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या आणि पुढे फियाटच्या गाड्या बनवल्या होत्या. उदारीकरणानंतर तिने प्युजोशी भागीदारी केली आणि १९९४ मध्ये कल्याणच्या कारखान्यातून ३०९ ही गाडी काढली. १.४ लिटरचे पेट्रोल किंवा १.५ लिटरचे डिझेल इंजिन, ऐसपैस जागा, उत्तम सस्पेंशन. घेणाऱ्यांनी तिची स्तुतीच केली. तरीही १९९७ मध्ये उत्पादन थांबले आणि प्युजोने भारत सोडला. भागीदारांचे न जुळणे आणि कामगारांचा असंतोष यांची चर्चा तेव्हा भरपूर झाली, ती इथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी तीन वर्षे मनापासून काम केले.

या प्रसंगाने माझे म्हणणे खोडले जाते, असे म्हणता येईल. एवढा पोलादी वारसा असलेली कंपनी कल्याणमध्ये का टिकली नाही? मला वाटते, वारसा सोशोत होता आणि कल्याणमध्ये आली ती गाडी. युरोपात १९८५ ला आलेले आणि तिथे निरोप घेत असलेले हे मॉडेल होते, महत्त्वाचे भाग फ्रान्सहून येत होते. भागांचा पुरवठादार इथे पुरेसा रुजण्याआधीच खेळ संपला. त्याच १.५ लिटर डिझेल इंजिनाचे पुढे काय झाले तेही पाहावे : काही काळाने ते मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये दिसले. नाशिकचे उदाहरण याला पूरक आहे. २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनॉ यांनी तिथे लोगान ही गाडी आणली. २०१० मध्ये भागीदारी संपली, पण महिंद्राने तीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने चालू ठेवली. ती फार खपली असे नाही. तरी भागीदार गेल्यावर कारखान्याला काय बनवायचे ते माहीत होते. १९७९ चा परवाना आणि १९९४ ची भागीदारी यांतला फरक मला इथेच दिसतो.

२००० नंतर

२०१२ च्या सुमारास कंपनी गंभीर आर्थिक अडचणीत सापडली. २०१४ मध्ये फ्रेंच सरकार आणि चीनची डाँगफेंग यांनी प्रत्येकी १४ टक्के हिस्सा घेऊन भांडवल पुरवले. २०१५ मध्ये महिंद्राने प्युजोच्या स्कूटर विभागात ५१ टक्के आणि २०१९ मध्ये पूर्ण मालकी मिळवली, म्हणजे अर्मां यांनी जिथे सायकली सुरू केल्या त्या परिसरातला कारखाना काही वर्षे मुंबईच्या कंपनीकडे होता. नंतर तो म्युटारेस या जर्मन गुंतवणूकदाराकडे गेला. जानेवारी २०२१ मध्ये प्युजो आणि फियाट-क्रायस्लर एकत्र येऊन स्टेलांटिस झाली. कुर्ला-कल्याणच्या प्रीमियरने पन्नास वर्षांत ज्या तिघांशी हातमिळवणी केली, ते क्रायस्लर, फियाट आणि प्युजो आज एकाच घरात आहेत. त्या घरच्या जीप गाड्या पुण्याजवळ रांजणगावला टाटांबरोबरच्या संयुक्त कारखान्यात बनतात, सिट्रोएनच्या गाड्या तमिळनाडूत तिरुवल्लूरला आणि इंजिने होसूरला.

कंपनी स्वतंत्र उरली नाही, मग ती टिकली असे कसे म्हणायचे? मालकीचा कागद बदलला हे मान्य. प्युजो कुटुंबाचा हिस्सा मात्र आजही आहे आणि एरिमाँकूरच्या त्याच टापूत सोशोचा कारखाना आता विजेवर चालणारी ई-३००८ बनवतो. विजेच्या गाडीने इंजिन गेले, म्हणून पोलादाचे दिवस गेले असे समजणाऱ्यांनी तिचा सांगाडा उघडून पाहावा. क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह गेले. मोटरची दांडी, गिअर, बोल्ट, स्प्रिंगा आणि अॅक्सल राहिले, आणि शेकडो किलोंची बॅटरी तोलायची असल्याने स्प्रिंगांना पूर्वीपेक्षा जास्त भार घ्यावा लागतो.